आगोटीची बेगमी आणि मिठाचा कर
कोकणातील परसबाग, घरगुती साठवण व राजसत्ता यांच्या संबंधाविषयी एक विचार

हिंदुस्थानातील खेडे हे एक लहानसे स्वयंपूर्ण गणराज्य होते, ही कल्पना चार्ल्स मेटकाफ याने १८३० च्या आपल्या टिपणात मांडली आणि पुढे ती आपल्याकडील इतिहासलेखनात चांगलीच रुजली. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथाने गावाच्या अंतर्गत रचनेचे जे सूक्ष्म दर्शन घडविले, त्यानंतर या कल्पनेतील भाबडेपणा बराच ओसरला. परंतु गावाच्या बाबतीत जी कल्पना आपण टाकून दिली, तीच घराच्या बाबतीत मात्र आपण अद्याप उराशी बाळगून आहोत. घरामागे परसबाग, परसात विहीर, माजघरात बरण्यांची रांग. असे घर बाजारापासून व सरकारपासून मुक्त होते, असे आपण सहज म्हणून जातो. हे म्हणणे कितपत खरे आहे, याचा कोकणापुरता विचार करावा, एवढाच प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

प्रथम परसबागेचे स्वरूप पाहू. कोकणात नारळी-पोफळींच्या मोठ्या बागेस आगर म्हणतात. परसू हा त्याहून लहान आणि घराला अधिक जवळचा. त्यात न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढणारे अळू व केळ, मांडवावर चढविलेली पडवळ, दोडका व काकडी, कुंपणालगत सुरण व कणगर, आणि कडेला आंबा, फणस, रातांबा अशी झाडे असावयाची. पोफळीवर मिरीचा वेल आणि तिच्या सावलीत हळद-आले ही योजनाही जुनीच. या बागेचे उत्पन्न पुष्कळ असले तरी ते वर्षभर सारखे येत नाही. कैरी, फणस, रातांबा आणि काजू ही सर्व फळे उन्हाळ्याच्या दोन-अडीच महिन्यांत एकदम हाती येतात, आणि त्यांच्या पाठोपाठ मृगाचा पाऊस सुरू होतो. म्हणजे विपुलता आणि नासाडी यांच्यामध्ये फार थोडे दिवस असतात.

येथे भूगोलाचा दुसरा एक घटक लक्षात घेतला पाहिजे. किनाऱ्यावरील गलबतांची आणि पुढील काळात आगबोटींची ये-जा पावसाळ्यात बंद पडे. ती नारळी पौर्णिमेच्या सुमारास पुन्हा सुरू होई. घाटातील वाटाही त्या दिवसांत अवघड. त्यामुळे ज्येष्ठापूर्वी जे घरात आले, त्यावर श्रावणापर्यंत भागविणे प्राप्त होते. या तयारीस कोकणात ‘आगोटीची बेगमी’ असे नेमके नाव आहे. आगोट म्हणजे पावसाळ्याचे तोंड. गोव्यात त्याच अर्थाने ‘पुरुमेंत’ हा शब्द रूढ झाला. तो तरतूद या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून आला आहे, आणि पावसाळ्यापूर्वी मडगावास भरणाऱ्या पुरुमेंताच्या फेस्तात त्याची स्मृती आजही टिकून आहे. दोन राजवटींखालील दोन समाजांनी एकाच ऋतुचक्रास दिलेली ही दोन नावे होत.

ही बेगमी कोणत्या साधनांनी होई? ऊन, धूर, तेल, गूळ आणि मीठ, ही ती पाच साधने. फणसाचा रस पसरून उन्हात वाळविला की फणसपोळी होते. आंब्याच्या रसाची साटे होतात. कैरीच्या फोडी वाळविल्या की आंबोशी होते. रातांब्याची साले सोडवून, त्यांना त्यांच्याच रसाची पुटे पुनःपुन्हा देत वाळविली म्हणजे आमसुले तयार होतात, आणि उरलेल्या रसात मीठ घालून आगळ टिकविले जाते. बियांचे तेल काढून ते पायांच्या भेगांना लावतात. आठळ्या मातीत पुरून ठेवावयाच्या, कोहळे व भोपळे आढ्याला टांगावयाचे, मिरच्या-कांदा चुलीवरील धुरकट हवेत राखावयाचा, अशी प्रत्येक पदार्थाची रीत ठरलेली होती.

तथापि या पाच साधनांत मिठाचे स्थान वेगळे आहे. मीठ फळातील पाणी ओढून घेते आणि ज्या सूक्ष्म जीवांमुळे पदार्थ कुजतो त्यांना जगणे अशक्य करते. थोड्या सौम्य खारात मात्र आंबटपणा निर्माण करणारे जीव तग धरतात आणि पदार्थाचे रक्षणच करतात. वर तेलाचा थर दिला की हवेचा संपर्क तुटतो. हे शास्त्र अलीकडचे असले तरी ‘मीठ कमी पडले की लोणचे बुरसते’ हा अनुभव फार जुना आहे. आता असे पाहा : ऊन व धूर यांस मोल पडत नाही. कैरी परसातील, गूळ-तेल काही घरी वा गावी मिळणारे. परंतु मीठ परसात पिकत नाही. ते मिठागरातून यावे लागते, आणि मिठागर तेथे जकातदार असतोच. म्हणजे बरणी कितीही घरची असली, तरी तिच्या तळाशी राज्यसत्तेचा अंश बसलेला आहे.

हा मुद्दा पुढे नेण्यापूर्वी परसबागेच्या ‘स्वदेशी’पणाविषयी एक शब्द लिहिणे अवश्य आहे. कैरी खारविण्याची विद्या निःसंशय जुनी. चौदाव्या शतकात हिंदुस्थानात आलेल्या इब्न बतूता याने झाडाखाली पडलेल्या कैऱ्या, तसेच ओले आले आणि मिरीचे घोस मिठात घालून ठेवण्याची येथील चाल नोंदविली आहे. गार्सिया द ओर्ता याचा गोव्यात १५६३ साली छापलेला औषधिविषयक संवादग्रंथ भिरंडाच्या आंबट फळाची आणि सिरक्यासाठी त्याची साल टिकवून ठेवण्याची माहिती देतो. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेल्या लिन्सखोतेनने साखरेत, सिरक्यात, तेलात व मिठात मुरविलेल्या आंब्यांचे वर्णन केले आहे. परंतु आज जिच्यावाचून लोणच्याची कल्पनाच करवत नाही ती मिरची, त्याचप्रमाणे काजू, अननस, पेरू, पपई आणि रताळे ही सर्व अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या काळात आली. बाराव्या शतकातील ‘मानसोल्लासा’च्या पाकशाळेत मिरी आहे, मिरची नाही. नव्या तिखटास मिरीवरूनच नाव मिळाले. सारांश, सर्वांत घरगुती वाटणारी जागा हीच समुद्रापलीकडील व्यापाराची एक ठळक खूण आहे.

आता मिठाकडे वळू. मिठावरील करास कोकणात दीर्घ इतिहास आहे. १६७१ मध्ये शिवाजी महाराजांनी कुडाळकडील सरसुभेदार नरहरी आनंदराव यांस पाठविलेले पत्र प्रसिद्ध आहे. पोर्तुगीजांच्या ताब्यातील बारदेशाचे मीठ स्वस्त पडू लागल्याने संगमेश्वराकडील मिठाचा उदीम बुडेल, म्हणून परमुलखाच्या मिठावर जबर जकात बसवावी, असा त्याचा आशय आहे. येथे कराचा हेतू स्वराज्यातील उत्पादकाचे रक्षण हा होता. तरीही मीठ घेणाऱ्या घरास त्याची झळ लागली असेल, ही गोष्ट दृष्टीआड करता येत नाही.

इंग्रजी अमलात कराचे स्वरूप पालटले. मुंबई इलाख्यात १८३७ च्या कायद्याने मणामागे ८ आण्यांची उत्पादन-जकात बसली. १८४४ मध्ये ती १ रुपयापर्यंत चढविली जाताच सुरतेस मोठा लोकक्षोभ झाला. पुढे १८८२ मध्ये सबंध ब्रिटिश हिंदुस्थानात मोठ्या प्रमाणावर २ रुपये हा दर ठरला आणि १८८८ मध्ये तो २ रुपये ८ आणे झाला. १८९० च्या मुंबई मीठ कायद्याने परवान्यावाचून मीठ तयार करणे हा अपराध ठरविला. गोव्याचीही यातून सुटका नव्हती. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारान्वये तेथील मीठ-उत्पादनावर इंग्रजांचे नियंत्रण आले आणि ते १८९२ च्या आरंभी करार संपेपर्यंत राहिले; त्याबद्दल पोर्तुगीज सरकारला वर्षास ४ लक्ष रुपये मिळत. मोबदला सरकारच्या तिजोरीत गेला. मीठ महागले ते घराघरांत.

या दराचा घरगुती अर्थ काय, हे एका साध्या गणिताने कळते. सरकारी मण ४० शेरांचा आणि २ रुपये ८ आणे म्हणजे ४० आणे. अर्थात १८८८ पासून १९०३ पर्यंत दर शेर मिठामागे बरोबर १ आणा कर होता. समजा, एखाद्या घरात लोणची, खारातील कैऱ्या, आगळ आणि सुकविलेली मासळी मिळून वर्षास १६ शेर मीठ लागले. तर त्या बेगमीवर १ रुपया कर भरला गेला. रोजच्या जेवणातील मीठ निराळेच. सुखवस्तू आगरवाल्यास हा रुपया जड नव्हता. पण ज्या कुळाच्या झोपडीमागे विहीर नाही, रोख पैसा केवळ मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरीच्या रूपानेच दिसतो, त्यास तो भार होता. शिवाय असे घर मिठात काटकसर करील, तर जे टिकवावयाचे तेच नासणार. सामान्य करामुळे माणूस वस्तू कमी खातो. या करामुळे त्याच्या हातचे पिकलेले फळही वाया जाण्याचा संभव होता. मीठ-कराच्या चर्चेत दरडोई खपाचे आकडे पुष्कळदा येतात, परंतु साठवणीवरील हा परिणाम सहसा विचारात घेतला जात नाही.

१९०३ नंतर दर उतरत जाऊन १९०७ मध्ये १ रुपयावर आला, १९१६ मध्ये १ रुपया ४ आणे झाला, १९२३ मध्ये दुप्पट करण्यात आला आणि पुढच्याच वर्षी पुन्हा १ रुपया ४ आण्यांवर आणावा लागला. १९३० साली ६ एप्रिलला दांडी येथे आणि मे महिन्यात शिरोडे येथे जे सत्याग्रह झाले, त्यांचे राजकीय महत्त्व सर्वश्रुत आहे. येथे त्यांच्या ऋतूकडे लक्ष वेधावयाचे आहे. मिठागरात मीठ पिकते ते कोरड्या उन्हाच्या दिवसांत. ज्या उन्हात आमसुले वाळतात त्याच उन्हात मिठाचे खडे धरतात. म्हणून मिठाचा लढा आणि आगोटीची बेगमी यांचा हंगाम एकच. मुंबईत स्त्रियांनी चौपाटीवरील समुद्राचे पाणी भरून घरी नेले आणि चुलीवर आटवून मीठ काढले; त्या वेळी कायदेभंगाचे स्थान स्वयंपाकघर हेच झाले. ५ मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात, मीठ जमविता वा करता येईल अशा भागालगतच्या गावांतील लोकांना घरगुती वापरासाठी आणि गावातल्या गावात विक्रीसाठी मुभा देण्यात आली. ‘घरगुती वापर’ ही मर्यादा सरकारी दस्तऐवजात अशा रीतीने मान्य झाली. पुढे १९४७ मध्ये हा करच रद्द झाला.

एवढ्यावरून घर हे केवळ परतंत्र होते असा उलट निष्कर्ष काढणेही चुकीचे ठरेल. मीठ बाहेरचे असले तरी त्याचा उपयोग करण्याचे ज्ञान घरचे होते, आणि ते बहुतांशी स्त्रियांचे होते. कैरी कोणत्या दिवसांत उतरवावी, बरणी किती तापवावी, तोंडाला दादरा केव्हा बांधावा, ओला हात लागू नये म्हणून कोणास लोणचे काढू द्यावे, हे सर्व सासूकडून सुनेस मिळे. सोवळ्या-ओवळ्याच्या नियमांत या स्वच्छतेचा काही अंश होता; त्याच नियमांनी काही माणसांना, आणि महिन्यातील काही दिवस घरातल्याच स्त्रियांना, बरणीपासून दूर ठेवले, हेही तितकेच खरे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ (१८७५) आणि लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ (१९१०) यांनी पाकविद्या छापील केली. या दोहोंमधील पस्तीस वर्षांत पाकविद्येच्या पुस्तकावर स्त्रीचे नाव आले, ही लहान घटना नव्हे. चाकरमान्याच्या बोचक्यातून मुंबईस गेलेली आमसुले, कुळथाचे पीठ व फणसपोळी यांनी गिरणगावातील संसारासही हातभार लावला. मनिऑर्डरीच्या उलट दिशेने वाहणारा हा प्रवाह कोणत्याही जमाखर्चात नोंदला गेला नाही.

तात्पर्य, कोकणातील परसबाग आणि तिची साठवण ही बाजार व सरकार यांच्याबाहेरची वस्तू नव्हती. तिची काही रोपे समुद्रापारची, तिचे मीठ जकातीचे, तिचा काही माल मुंबईच्या चाळीत खपणारा. स्वयंपूर्णता हा तिचा गुण मानण्यापेक्षा, बाह्य जगाशी किती प्रमाणात व कोणत्या अटींवर संबंध ठेवावयाचा हे ठरविण्याची थोडीशी शक्ती, असा तिचा अर्थ करणे अधिक सयुक्तिक होईल. पावसाळ्याचे तीन महिने ज्याच्या घरी बरण्या भरलेल्या, त्यास वाण्याच्या उधारीची पायरी चढावी लागत नसे. ज्याच्या घरी त्या रिकाम्या, त्यास ती चढावी लागे. आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकाने धान्याचे भाव आणि शेतसारा यांबरोबरच या बरण्यांचाही हिशेब मांडला पाहिजे. त्यासाठी मिठाच्या खात्याचे दप्तर एका हाती आणि वडीलधाऱ्या स्त्रियांच्या आठवणी दुसऱ्या हाती घ्याव्या लागतील. यांपैकी दप्तर सुरक्षित आहे. आठवणी मात्र त्या स्त्रियांबरोबरच संपतात, म्हणून आरंभ त्यांच्यापासून होणे इष्ट.