मुक्ताईची ताटी, नागपूरचा कूलर

उन्हाळा तोंडावर आला की नागपुरात कूलर माळ्यावरून खाली उतरतो आणि त्याच्या ताट्या बदलल्या जातात. ताटी म्हणजे वाळा किंवा लाकडाचा कीस भरलेली जाळीची चौकट. ज्ञानेश्वर रुसून झोपडीचं दार लावून बसले, तेव्हा मुक्ताईने ज्या दाराशी त्यांची मनधरणी केली तीही ताटीच. म्हणून ते ‘ताटीचे अभंग’. तेराव्या शतकातलं झोपडीचं दार आणि कूलरची जाळी, एकच शब्द?

यावर एक सोपा तर्क हमखास ऐकू येतो: कूलर उत्तरेकडचा, तेव्हा ‘ताटी’ हे हिंदी ‘टट्टी’चंच मराठी रूप. ‘टट्टी’ म्हणजे मुळात कुडाचा आडोसा. लोक आडोशाला जाऊ लागले, शब्दही त्यांच्यामागे गेला आणि पुढे जे झालं ते सर्वांना ठाऊक आहे. शिवाय वाळ्याचे पडदे अकबराने रूढ केले, असं त्याचा दरबारी इतिहासकार अबुल फजल लिहितो. पण अकबर सोळाव्या शतकातला. मुक्ताई त्याच्या सुमारे अडीचशे वर्षं आधीची.

व्याकरणही याच बाजूने बोलतं. प्राकृतात ‘तट्टी’ म्हणजे कुंपण. मराठी अशा जोडाक्षरातलं एक अक्षर गाळते आणि आधीचा स्वर लांबवते: हत्थचा हात, सत्तचे सात, तशी तट्टीची ताटी. ही घरची वाट आहे, उसनवारीची नव्हे. बांबूच्या ‘तट्ट्या’त जोडाक्षर शाबूत राहिलं, तो मागाहून कानडी ‘तट्टी’वरून आला असावा.

त्याही मागे जायचं तर पावलं दक्षिणेकडे वळतात. तमिळमध्ये ‘तट्टि’ म्हणजे झडप, पडदा; आणि ‘तडु’ म्हणजे अडवणे. संस्कृत ‘तट’ला, म्हणजे नदीकाठाला, ओढूनताणून इथे आणण्यापेक्षा हे सरळ आहे. योगायोग असा की वाळ्याचं जगभर चालणारं ‘व्हेटिव्हर’ हे नावही तमिळ ‘वेट्टिवेर’चंच. म्हणजे चौकट दक्षिणेची आणि आतलं मूळही!

इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात ताटी खोक्यात बसवली, आत हाताने फिरवायचा पंखा घातला आणि त्याला ‘थर्मँटिडोट’ असं औषधासारखं नाव दिलं. विजेचा पंखा आला नि कूलर झाला.

काम मात्र तेच. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते सुमारे 2,400 किलोज्यूल उष्णता शोषतं, म्हणजे सुमारे दोन तृतीयांश युनिट विजेइतकी. ही उष्णता हवेतून जाते. वीज लागते ती फक्त पंख्याला आणि पाणी चढवणाऱ्या छोट्या पंपाला. दोनेकशे वॉटमध्ये खोली निभते; दीड टनी एसीला दीडेक हजार वॉट लागतात. अट एकच: बाहेरची हवा कोरडी हवी. त्यामुळे विदर्भात मे महिन्यात ताटी राज्य करते. मुंबईच्या दमट हवेत तिला कितीही भिजवा, खोलीत नुसता ओलावा वाढतो आणि घाम काही सुकत नाही.