१९१३ ची डर्बी

डर्बी हा शब्द आपल्याकडे महालक्ष्मीच्या मैदानामुळे घरोघर ठाऊक झाला. रेसचे नाव काढताच ज्या घरांत वडीलधारी मंडळी कपाळाला आठ्या घालतात, त्या घरांतल्या मुलांनादेखील तो ठाऊक असतो! महालक्ष्मीची डर्बी १९४३ साली सुरू झाली आणि पहिल्याच वर्षी ती बडोद्याच्या महाराजांच्या ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ या घोडीने मारली. पण ही झाली धाकटी पाती. थोरली पाती इंग्लंडातली, लंडनजवळच्या एप्समच्या माळावरची. तिचा जन्म १७८० चा. म्हणजे इकडे पुण्यात नाना फडणीस कारभार पाहत होते त्या वेळचा. शर्यतीला नाव कोणाचे द्यावे, लॉर्ड डर्बीचे की सर चार्ल्स बनबरीचे, हे म्हणे नाणे उडवून ठरले. नाणे डर्बीच्या बाजूने पडले, आणि पहिली शर्यत जिंकली बनबरीच्या ‘डायोमेड’ने. नाव एकाचे झाले, बक्षीस दुसऱ्याने नेले.

तेव्हापासून दरसाल तीन वर्षांचे निवडक थरोब्रेड घोडे तेथे धावतात. प्रथम अंतर मैलभर होते, १७८४ पासून दीड मैल झाले. विजेत्यांची जंत्री मोठी आहे. तीत १९३४ साली आपल्या राजपिपळ्याच्या महाराजांचा ‘विंडसर लॅड’ही आहे. पण जंत्री वाचून कोणाचे पोट भरले आहे? त्या जंत्रीतले एकच साल मला सांगावयाचे आहे, आणि त्यातही जो घोडा जिंकला त्याच्यापेक्षा जो पडला त्याची हकीगत मोठी आहे.

४ जून १९१३, बुधवार. डर्बीच्या दिवशी सारे लंडन एप्समला लोटत असे. राजे पाचवे जॉर्ज आणि राणी मेरी सज्जात बसलेली. राजाचा ‘ॲन्मर’ हा घोडाही शर्यतीत होता. त्याचा स्वार हर्बर्ट जोन्स हा काही सामान्य माणूस नव्हे. १९०० साली ‘डायमंड ज्युबिली’वर आणि १९०९ साली ‘मिनोरू’वर बसून त्याने याच राजघराण्याला दोनदा डर्बी मिळवून दिली होती.

एप्समला अखेरच्या सरळ धावेआधी टॅटनम कॉर्नर नावाचे मोठे वळण आहे. तेथे कठड्याला रेटून उभ्या असलेल्या गर्दीत एक चाळिशीची बाई होती. घोड्यांचा पहिला घोळका धुरळ्यासारखा निघून गेला. मागून येणाऱ्यांत ॲन्मर होता. बाई कठड्याखालून वाकून धावपट्टीवर आली आणि सरळ त्याच्या समोर उभी राहिली. तिने हात वर केले. पुढच्याच क्षणी ती, घोडा आणि स्वार तिघेही जमिनीवर होते. ॲन्मर उठला आणि स्वाराविना तसाच धावत सुटला. जोन्सला डोक्याला मार लागला, पण तो बचावला. बाई बेशुद्ध पडून राहिली. चलच्चित्राचे कॅमेरे त्या वळणावर होते, म्हणून हे सारे आजही पाहता येते.

तिचे नाव एमिली वाइल्डिंग डेव्हिसन. ही कोणी चक्रम बाई होती असे त्या वेळी पुष्कळांनी म्हटले. पण तिचे चरित्र पाहावे. वडील १८९३ साली वारले आणि फीचे पैसे नाहीत म्हणून तिला कॉलेज सोडावे लागले. मग लोकांच्या घरी मुलांना शिकवून तिने पैसे साठवले, ऑक्सफर्डला गेली, इंग्रजीच्या परीक्षेत पहिल्या वर्गात आली. आणि पदवी मिळाली नाही, कारण त्या काळी ऑक्सफर्ड स्त्रियांना पदवी देतच नसे. आम्हां शिक्षकी पेशातल्या माणसांना ही एक गोष्टच पुरे आहे. १९०६ साली ती स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत शिरली. तुरुंगात गेली, उपोषणे केली. नाकातोंडात नळी घालून तिला बळेच अन्न भरवण्यात आले, तेही एकदा-दोनदा नव्हे. १९११ च्या शिरगणतीच्या रात्री ती पार्लमेंटच्या वाड्यातल्या एका अडगळीच्या खोलीत लपून बसली. हेतू हा की, आपला पत्ता ‘पार्लमेंट’ असा नोंदला जावा! या विनोदबुद्धीला चक्रमपणा म्हणणारा मनुष्य मला तरी भेटायला नको.

मग ती मरायलाच आली होती काय? १९१२ साली तुरुंगात असताना तिने सज्जावरून खाली उडी टाकली होती, हे खरे. पण एप्समला तिच्याजवळ परतीचे रेल्वेचे तिकीट सापडले, आणि चळवळीचे जांभळे, पांढरे, हिरवे निशाणही. राजाच्या घोड्याला ते निशाण बांधावे आणि साऱ्या जगासमोर त्याने ते शेवटपर्यंत न्यावे, असा तिचा बेत असावा, असे अनेकांना वाटते. मलाही तेच पटते. मरायला निघालेले माणूस उगाच परतीचे तिकीट कशाला बाळगील? चौकशीत अपघाती मृत्यू असाच निकाल झाला.

इकडे निशाणाच्या खांबापाशी निराळाच तमाशा चालला होता. बहुतेकांना वळणावर काय घडले याची वार्ताही नव्हती. लोकांचा आवडता ‘क्रॅगनूर’ थोडक्या फरकाने पहिला आला. दुसरा ‘ॲबॉयर’, ज्याचा भाव एकास शंभर होता. दोघे एकमेकांना घासत, धक्के देत आले होते. ॲबॉयरच्या मालकाने तक्रार केली नाही. पंचांनीच आपण होऊन हरकत घेतली, क्रॅगनूर बाद केला आणि ॲबॉयरला डर्बी दिली. बोलणारे बोलू लागले. क्रॅगनूरचा मालक बोअर इस्मे हा टायटॅनिक बोटीच्या कंपनीच्या ब्रूस इस्मेचा भाऊ. आदल्याच वर्षी बोट बुडाली आणि ब्रूस वाचला, याचा राग लोकांच्या मनात ताजा होता. पंचांत मेजर लोडर होते, आणि क्रॅगनूर जन्मला होता त्यांच्याच पागेत! कादंबरीत मी इतके योगायोग घातले असते तर संपादकांनी हस्तलिखित साभार परत केले असते.

एमिली शुद्धीवर आलीच नाही. ८ जूनला एप्समच्या इस्पितळात ती वारली. १४ जूनला लंडनच्या रस्त्यांवरून तिची अंत्ययात्रा निघाली तेव्हा पांढरी वस्त्रे ल्यालेल्या हजारो स्त्रिया मागून चालत होत्या. इंग्लंडात तिशीवरील स्त्रियांना, तेही मालमत्तेच्या अटीवर, मत मिळाले १९१८ साली. आपल्या मुंबई इलाख्यात तो हक्क १९२१ साली आला. ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देणे सुरू केले ते १९२० साली.

क्रॅगनूरला त्याच्या मालकाने तीस हजार पौंडांना अर्जेंटिनात विकले. ॲबॉयर रशियात गेला आणि १९१७ च्या क्रांतीत कोठे नाहीसा झाला, त्याचा पत्ता लागला नाही. हर्बर्ट जोन्स बरा होऊन पुन्हा घोड्यावर बसला. १९२८ च्या जूनमध्ये चळवळीच्या पुढारी मिसेस पँकहर्स्ट वारल्या. त्यांच्या अंत्यविधीला हा जोन्स गेला आणि फुलांचे चक्र वाहून आला. त्यावर त्याने दोन नावे लिहिली होती. एक मिसेस पँकहर्स्टचे, दुसरे मिस एमिली डेव्हिसनचे.