करमणूक कर : तिकीटबारीपासून जीएसटीपर्यंत

चित्रपट, सर्कस, खेळांचे सामने, घोड्यांच्या शर्यती अशा सार्वजनिक करमणुकीच्या प्रवेशमूल्यावर राज्य सरकार आकारीत असलेला कर म्हणजे करमणूक कर. कायद्याच्या परिभाषेत त्याला ‘करमणूक शुल्क’ असे म्हणत. १९२३ ते २०१७ अशी ९४ वर्षे या कराने प्रथम मुंबई इलाख्याच्या व पुढे महाराष्ट्राच्या तिजोरीत भर घातली. तथापि, त्याचे महत्त्व केवळ उत्पन्नापुरते नव्हते. कोणत्या करमणुकीवर बोजा टाकायचा आणि कोणतीला अभय द्यायचे, हे ठरविण्याचा अधिकार या कराने राज्याच्या हाती दिला होता.

उगम

१९१९ च्या सुधारणा कायद्यानंतर प्रांतिक सरकारांना करमणूक व पैजा यांवर कर बसविण्याची मुभा मिळाली. बंगालने १९२२ मध्ये आणि मुंबई इलाख्याने १९२३ मध्ये तसा कायदा केला. पाठोपाठ १९२५ मध्ये मुंबईत शर्यतींवरील पैजांसाठी स्वतंत्र कायदा आला. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत, ६२ व्या नोंदीखाली, हा विषय राज्यांकडेच राहिला.

कर आणि परवाना शुल्क

या दोन्हींत पुष्कळदा गल्लत होते. चित्रपटगृहाचा परवाना १९५३ च्या चित्रपटगृह विनियमन कायद्याखाली, तर करमणुकीच्या इतर अनेक जागांचा परवाना १९५१ च्या पोलीस कायद्याखाली दिला जाऊ लागला. त्यासाठी घेतले जाणारे शुल्क हा आगप्रतिबंध, बाहेर पडण्याचे मार्ग, गर्दीचे नियमन यांवरील देखरेखीचा मोबदला असतो. कराचे तसे नाही. तो सर्वसाधारण तिजोरीत जातो. पुणे कॅन्टोन्मेंटने तेथील चित्रपटगृहांवर बसविलेल्या कराचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. करमणूक करण्याचा व्यवसाय करणाऱ्यावरही असा कर बसविता येतो, केवळ प्रेक्षकावरच नव्हे, असा निर्वाळा न्यायालयाने १९५९ मध्ये दिला.

वसुली

मूळ कायद्यानुसार प्रत्येक तिकिटावर शुल्काचा शिक्का किंवा मुद्रांक असणे आवश्यक होते. कर प्रेक्षक देई, पण सरकारजमा करण्याची जबाबदारी मालकाची असे. त्यामुळे प्रेक्षागृहातील प्रेक्षकसंख्या आणि विकलेली तिकिटे यांचा मेळ घालणे हे तपासणीचे मुख्य काम ठरले. केबल टीव्ही आल्यावर ही तपासणी अवघड झाली. कर दरमहा प्रत्येक जोडणीमागे होता; मुंबईत तो अखेरीस ४५ रुपये होता. परंतु जोडण्या किती, हे केबलचालकाच्या सांगण्यावर अवलंबून असे. घरात सेट-टॉप बॉक्स बसणे २०१२ च्या अखेरीस मुंबईत सक्तीचे झाले, तेव्हा कुठे जोडण्या मोजण्याचे खात्रीचे साधन मिळाले.

सवलतींचे राजकारण

जीएसटीपूर्वी मुंबईत चित्रपटाच्या मूळ तिकीटदरावर ४५ टक्के कर होता. शंभर रुपयांच्या तिकिटासाठी प्रेक्षकाला १४५ रुपये मोजावे लागत. मराठी चित्रपटांना मात्र हा कर माफ होता. त्याआधी १९७० च्या दशकात मराठी निर्मात्यांसाठी करपरताव्याची योजना सुरू झाली होती. चित्रपटापोटी जमा झालेला कर त्याच्याच निर्मात्याला पुढील निर्मितीसाठी परत मिळे. २००१ मध्ये नव्या मल्टिप्लेक्सना पहिली तीन वर्षे पूर्ण करमाफी आणि पुढील दोन वर्षे केवळ २५ टक्के कर अशी सवलत देण्यात आली. ही रक्कम मालकाचे नित्य उत्पन्न नसून उभारणीसाठीचे भांडवली साहाय्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पुण्यातील एका प्रकरणात ठरविले.

जीएसटीनंतर

१ जुलै २०१७ पासून करमणूक कर वस्तू व सेवा करात विलीन झाला. शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर १८ व त्यावरील तिकिटावर २८ टक्के कर लागू झाला. हिंदी-इंग्रजी चित्रपटांचा बोजा घटला, तर आजवर शून्य कर असलेल्या मराठी चित्रपटावर तो प्रथमच पूर्ण दराने आला. कारण नव्या करात भाषेनुसार भेद नाही. हे दर १ जानेवारी २०१९ पासून १२ व १८ टक्के झाले. २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के कर असून, त्यावरील दर १८ टक्केच आहे. नाटक, नृत्य, संगीत व सर्कशीचे पाचशे रुपयांपर्यंतचे तिकीट २०१८ पासून करमुक्त आहे.

राज्यसूचीतील ६२ वी नोंद आता केवळ स्थानिक स्वराज्य संस्थांनी बसवावयाच्या करमणूक करापुरती उरली आहे. तामिळनाडूने तिचा वापर करून २०१७ मध्ये जीएसटीव्यतिरिक्त स्थानिक कर लावला, तेव्हा तेथील चित्रपटगृहे काही दिवस बंद राहिली होती.

‘करमुक्त’ या शब्दाचा अर्थही बदलला आहे. दर ठरतात ते जीएसटी परिषदेत. राज्याला सोडता येतो तो करातील केवळ आपला अर्धा वाटा. जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्राने ‘तान्हाजी’ करमुक्त केला, तोही राज्याच्या वाट्यापुरताच. मराठी चित्रपटाला आधार द्यायचा तर तो आता तिकिटावरील करमाफीतून नव्हे, अर्थसंकल्पात तरतूद करून अनुदानाच्या रूपानेच द्यावा लागतो.