ऊष्मागतिकी

उष्णता, तापमान व कार्य यांचे परस्परसंबंध अभ्यासणारी भौतिकीची शाखा. वाफेच्या यंत्रातून जास्तीत जास्त किती कार्य मिळू शकते, या प्रश्नावर सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने 1824 मध्ये लिहिलेल्या पुस्तकापासून तिची सुरुवात मानतात. पुढे जूल, क्लाउझिउस व केल्व्हिन यांच्या कामातून तिचे नियम सिद्ध झाले. पहिला नियम ऊर्जेच्या अक्षय्यतेचा. दुसरा नियम दिशेचा: उष्णता आपोआप वाहते ती गरमाकडून गाराकडेच. ही एकमार्गी वाट मोजण्यासाठी क्लाउझिउसने 1865 मध्ये ‘एंट्रॉपी’ ही संज्ञा योजली.

यंत्रासाठी जन्मलेले हे शास्त्र माणसाच्या जिवाशी किती निगडित आहे, ते नवी मुंबईतील खारघरने फार मोठी किंमत देऊन पाहिले. 16 एप्रिल 2023 रोजी तेथील मैदानात महाराष्ट्र भूषण पुरस्कार सोहळ्यासाठी लाखो लोक भर उन्हात बसले होते. उष्माघाताने 14 जणांचा मृत्यू झाला.

स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरातही सुमारे 100 वॉट उष्णता निर्माण होत असते आणि ती बाहेर जावीच लागते. त्वचेचे तापमान साधारण 35 अंश सेल्सिअस. भोवतालची हवा त्याहून गरम झाली, की दुसऱ्या नियमानुसार उष्णता उलट शरीरात शिरू लागते. वर डोक्यावर ऊन असतेच. मग उरतो तो घाम. एक ग्रॅम घामाची वाफ होताना सुमारे 580 कॅलरी उष्णता शरीरातून निघून जाते. मात्र घाम वाळला तरच. नुसता निथळून गेला, तर पाणी आणि मीठ तेवढे वाया जाते. खारघरसारख्या खाडीकाठच्या दमट हवेत तो सावकाश वाळतो. मराठवाड्यात माठातले पाणी जितके गार होते तितके कोकणपट्टीत होत नाही, त्याचे कारणही हेच. दाट गर्दीत तर वारा अडतो आणि शेजारचे प्रत्येक शरीर उष्णता सोडत असते. म्हणून किनारपट्टीवर केवळ तापमानाचा आकडा पाहून धोका ठरवणे चूक आहे; आर्द्रता, वारा व सावली यांचा हिशेब त्यासोबत व्हायलाच हवा.

खारघरच्या घटनेनंतर, उन्हाचा तडाखा ओसरेपर्यंत दुपारी 12 ते 5 या वेळेत उघड्यावर कार्यक्रम घेऊ नयेत, असे राज्य सरकारने जाहीर केले.