नोंदवहीत न मावलेली खेळाडू

ज्याची नोंद दप्तरात नाही ते घडलेच नाही, असा कचेऱ्यांतून एक अलिखित कायदा असतो. घरात आपण बायका जे राबतो त्याची नोंद कोठल्याच दप्तरात नसते, आणि त्याची आता सवयही झाली आहे. पण हजारो प्रेक्षकांदेखत, भर मैदानावर, गुणफलकावर आकडे लागत असताना केलेली कामगिरीसुद्धा पुढे दप्तरातून गळते, हे ऐकून मात्र नवल वाटते. अमेरिकेतील लिनेट वुडर्ड या बास्केटबॉल-खेळाडूच्या बाबतीत असेच घडले. स्मरणिकेसाठी एखाद्या कर्तबगार स्त्रीचा इतिहास लिहावयाचे ठरले, तेव्हा मी मुद्दाम तिची निवड केली. मी स्वतः हा खेळ कधी खेळले नाही. आमची धाव लंगडी नि खो-खोपर्यंतच. नातीच्या शाळेतील सामने पाहून मला त्याची गोडी लागली, एवढेच.

हा खेळ तसा फार जुना नाही. १८९१ च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्ड या गावी वाय्. एम्. सी. ए. च्या विद्यालयात जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने, हिवाळ्यात छपराखाली खेळता यावा म्हणून तो शोधून काढला. पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाला ठोकल्या आणि त्यांत चेंडू टाकायचा, म्हणून नाव बास्केटबॉल. दुसऱ्याच वर्षी जवळच्या स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन या बाईंनी तो मुलींना शिकविला. परंतु मुलींना फार धावपळ सोसणार नाही, अशी त्या काळची समजूत. म्हणून त्यांनी मैदानाचे तीन भाग पाडले. जिने ज्या भागात उभे राहायचे तिने तो ओलांडायचा नाही, आणि दुसरीच्या हातचा चेंडू हिसकावून घ्यायचा नाही. १८९३ च्या मार्चमध्ये तेथे मुलींचा सामना झाला तेव्हा पुरुषांना आत मज्जाव होता! पुढे ही बंधने सैल झाली खरी. पण कॉलेजच्या मुलींनी पाच-पाच जणींचे संघ करून सबंध मैदानभर खेळायला १९७१ साल उजाडावे लागले.

लिनेटचा जन्म १९५९ चा, कॅन्सस राज्यातील विचिटा गावचा. लहानपणी ती आणि तिचा भाऊ मोज्यांचे बोळे करून घरातच नेम धरून फेकीत. तोच त्यांचा चेंडू. तिचा एक नात्यातला भाऊ, ह्यूबर्ट ऑसबी, ‘हार्लेम ग्लोबट्रॉटर्स’ या संघात होता. हा संघ गावोगाव फिरून चेंडूच्या करामती दाखवी आणि लोकांना हसवी. बोटाच्या टोकावर चेंडू गरगर फिरविणारा हा भाऊ पाहून आपणही त्या संघात खेळावे, असे या मुलीने मनाशी घेतले. संघात एकही स्त्री नव्हती, हे तिच्या गावीही नसावे.

ती बारा वर्षांची असताना, १९७२ मध्ये, अमेरिकेत एक कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलगा-मुलगी असा भेद करता येणार नाही, हे त्याचे सार. खेळाचा त्यात नावानिशी उल्लेख नव्हता, पण मुलींच्या खेळांना खरी चालना मिळाली ती त्यामुळेच. १९७७ साली लिनेट कॅन्सस विद्यापीठात दाखल झाली. ज्या नेस्मिथने हा खेळ शोधला तो पुढे दीर्घकाळ याच विद्यापीठात शिकवीत होता, हा एक योगच म्हणायचा. मेरियन वॉशिंग्टन या बाई तिच्या मार्गदर्शक होत्या. चार वर्षांत १३९ सामने खेळून तिने ३,६४९ गुण केले. म्हणजे सामन्यामागे सरासरी सव्वीस! आणि हे सारे पुरुषांच्याच आकाराच्या मोठ्या चेंडूने. स्त्रियांसाठी लहान चेंडू १९८४ नंतर आला, आणि लांबून टाकलेल्या चेंडूला तीन गुण द्यायची रीत त्यांच्या कॉलेज-सामन्यांत १९८७ नंतरची.

एवढे केल्यावर पुढे काय? हाच प्रश्न मला या चरित्रात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १९८० च्या ऑलिंपिकसाठी तिची निवड झाली होती, पण अमेरिकेने मॉस्कोवर बहिष्कार टाकला आणि संघ घरीच राहिला. पैसे घेऊन खेळणाऱ्या स्त्रियांची एक लीग १९७८ साली निघाली होती, ती १९८१ मध्ये, म्हणजे नेमकी लिनेट कॉलेजातून बाहेर पडली त्याच वर्षी, बंद पडली. तिच्या तोडीच्या पुरुषाला मायदेशातच संघमालकांनी हाताला धरून नेले असते. हिला मात्र आपली कला घेऊन इटलीत, लोकरीच्या गिरण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या स्कियो या गावी जावे लागले. तेथे एक वर्ष खेळून ती परतली. १९८४ मध्ये लॉस एंजेल्सच्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या स्त्रियांनी सुवर्णपदक मिळविले, तेव्हा संघाची कर्णधार लिनेट होती.

दुसऱ्याच वर्षी ग्लोबट्रॉटर्सनी स्त्री-खेळाडू घ्यायचे ठरविले. चाचणीला आलेल्या अनेक जणींतून लिनेट निवडली गेली, आणि त्या संघातली ती पहिली स्त्री ठरली. दोन वर्षे ती तेथे होती. नंतर पुन्हा इटली, मग जपान. त्यानंतर मात्र तिने न्यूयॉर्कला शेअर-दलालीचा व्यवसाय पत्करला. पोटाला काहीतरी हवेच ना! १९९७ च्या जूनमध्ये अमेरिकेत स्त्रियांची डब्ल्यू. एन्. बी. ए. ही लीग सुरू झाली, तेव्हा तिला सदतीस वर्षे पुरी झाली होती. इतर खेळाडू ज्या वयात निवृत्त होतात त्या वयात ही बाई पुन्हा बूट बांधून उभी राहिली. पहिल्या वर्षी क्लीव्हलँडकडून आणि दुसऱ्या वर्षी डेट्रॉइटकडून ती खेळली. ज्या दाराशी ती सोळा वर्षे ताटकळली ते उघडले तेव्हा तारुण्य सरले होते. तरीही ती आत गेली.

आता दप्तराची गोष्ट. लिनेट खेळत होती तेव्हा मुलींच्या कॉलेज-स्पर्धा एक निराळी संस्था भरवीत असे, आणि ती बव्हंशी बायकांनीच चालविलेली होती. १९८१-८२ पासून एन्. सी. ए. ए. ही पुरुषांच्या स्पर्धा भरविणारी बडी संस्था मुलींच्याही स्पर्धा भरवू लागली, आणि पहिली संस्था मिटली. नव्या संस्थेने आपली नोंदवही कोऱ्या पानापासून सुरू केली. त्यामुळे २०१७ साली केल्सी प्लम या मुलीने ३,५२७ गुण केले तेव्हा तीच सर्वश्रेष्ठ ठरली! ३,५२७ मोठे की ३,६४९, हे आपल्या बालवाडीतले मूलही सांगेल. त्या मुलींच्या पराक्रमात मी काही उणे काढीत नाही. दोष वहीचा आहे.

हे उघडकीस आणले तेही दुसऱ्या एका मुलीच्या खेळाने. २०२४ च्या फेब्रुवारीत आयोवा विद्यापीठाच्या केटलिन क्लार्कने आधी प्लमचा आकडा मागे टाकला, आणि जगाने जयघोष केला. पण तिच्या मार्गदर्शक लिसा ब्लूडर यांनी आवर्जून सांगितले, की खरा विक्रम लिनेटचा आहे. २८ फेब्रुवारीला क्लार्कने तोही ओलांडला. चार दिवसांनी आयोवातील सामन्याला लिनेट स्वतः हजर होती, आणि प्रेक्षकांनी तिचे मनापासून स्वागत केले. आपला विक्रम मोडला तेव्हाच तो होता हे पुष्कळांना कळावे, याला काय म्हणावे! आणि लहान कॉलेजातून खेळलेल्या पर्ल मूर हिचे ४,०६१ गुण तर त्याहूनही अधिक. तिचे नाव किती जणींनी ऐकले आहे?

भगिनींनो, या चरित्रातून मी एकच बोध घेते. काम करणे हा अर्धा भाग. ते लिहून ठेवणे हा उरलेला अर्धा. आपल्यासाठी दुसरे कोणी वही घालील, या भरवशावर राहिले तर वही कोऱ्या पानापासून सुरू होते. आपल्या मंडळाच्या आरंभीच्या वर्षांचे इतिवृत्त त्रोटक आहे. शिवणवर्ग कोणी सुरू केला, पहिली वर्गणी कोणी गोळा केली, मुलींच्या खेळांच्या स्पर्धांत कोण जिंकले, हे आज काही वडीलधाऱ्या भगिनींच्या आठवणीत आहे, कागदावर नाही. तेव्हा ज्यांच्याजवळ जुनी छायाचित्रे, पावत्या, पत्रके असतील त्यांनी ती कार्यालयात आणून द्यावीत, आणि आठवणी सांगाव्यात. लिहून घेण्यास मी दर शनिवारी दुपारी बसेन. पुढच्या पिढीने आमचे उच्चांक खुशाल मोडावेत, पण ते मोडण्यासाठी आधी वहीत असले पाहिजेत.