ट्रिगर पॉइंट मसाज उपचार

ट्रिगर पॉइंट मसाज उपचार ही स्नायूंतील वेदना कमी करण्यासाठी वापरली जाणारी हस्तोपचाराची एक पद्धत आहे. ऐच्छिक स्नायूच्या आखडलेल्या, ताठर पट्ट्यात दाबले असता तीव्रतेने दुखणारी एखादी लहानशी जागा आढळते. तिला ट्रिगर पॉइंट असे म्हणतात. अशा जागेवर बोट, अंगठा, कोपर किंवा चेंडू यांच्या साहाय्याने काही काळ नेमका दाब देणे, त्यानंतर तो स्नायू हळूहळू ताणणे आणि त्याची पूर्ण हालचाल करवणे, हा या उपचाराचा गाभा होय. या जागांमुळे उद्भवणाऱ्या दुखण्याला मायोफेशियल वेदना ही संज्ञा आहे. उपचाराचा लाभ दाबाच्या जोरापेक्षा योग्य जागेची निवड, बेताचा दाब आणि स्नायूवर वारंवार ताण आणणाऱ्या कारणांचे निवारण यांवर अधिक अवलंबून असतो.

लक्षणे
मान आखडणे, खांदा भरून येणे, पाठीत रग लागणे अशा नित्याच्या तक्रारींमध्ये ट्रिगर पॉइंट आढळू शकतात. त्यांची ओळख सामान्यतः तीन खुणांवरून पटवली जाते : स्नायूत हाताला दोरीसारखा लागणारा ताठर पट्टा, त्या पट्ट्यावरील अतिसंवेदनशील जागा आणि ती दाबल्यावर शरीराच्या दुसऱ्याच भागात जाणवणारी वेदना. या तिसऱ्या खुणेस संदर्भित वेदना म्हणतात. आपोआप दुखणाऱ्या आणि रुग्णाची नेहमीची वेदना जागवणाऱ्या जागेला सक्रिय ट्रिगर पॉइंट, तर केवळ दाबल्यावरच दुखणाऱ्या जागेला सुप्त ट्रिगर पॉइंट असे संबोधले जाते. सुप्त जागा स्वतःहून दुखत नसली तरी तिच्यामुळे स्नायूची हालचाल मर्यादित होऊ शकते.

इतिहास
स्नायूंतील वेदना अन्यत्र जाणवते, याचा पद्धतशीर अभ्यास ब्रिटिश वैद्यक जोनास केलग्रेन यांनी लंडन येथे केला. स्वयंसेवकांच्या स्नायूंत मिठाचे तीव्र द्रावण टोचून वेदना कोठे कोठे जाणवते, याच्या नोंदी त्यांनी घेतल्या आणि १९३८ मध्ये त्या प्रसिद्ध केल्या.

अमेरिकन वैद्यक जॅनेट ट्रॅव्हेल (१९०१–१९९७) यांनी १९४० च्या दशकापासून या विषयाला वाहून घेतले. सेमोर रिंझलर यांच्यासह १९५२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात त्यांनी अनेक स्नायूंच्या संदर्भित वेदनेचे नकाशे दिले. जॉन एफ. केनेडी यांच्या जुनाट पाठदुखीवर त्या स्थानिक बधिरकाच्या इंजेक्शनांनी उपचार करीत. १९६१ मध्ये केनेडी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्यांनी ट्रॅव्हेल यांची वैयक्तिक वैद्य म्हणून नेमणूक केली. या पदावरील त्या पहिल्या महिला होत. मात्र त्याच वर्षी हान्स क्राउस या वैद्यांच्या देखरेखीखाली केनेडी यांच्यासाठी नियमित व्यायामाचा कार्यक्रम सुरू करण्यात आला. वेदना तात्पुरती शमवणे आणि स्नायू सक्षम करणे ही दोन स्वतंत्र कामे आहेत, हे या प्रसंगावरून दिसून येते.

ट्रॅव्हेल यांचे सहकारी डेव्हिड सायमन्स (१९२२–२०१०) हे मुळात अमेरिकन हवाई दलातील वैद्यक होते. १९५७ मध्ये त्यांनी बलूनमधून ३० किलोमीटरहून अधिक उंची गाठली होती. ट्रॅव्हेल व सायमन्स यांनी लिहिलेल्या, ट्रिगर पॉइंटवरील आधारभूत मानल्या जाणाऱ्या ग्रंथाचा पहिला खंड १९८३ मध्ये व दुसरा खंड १९९२ मध्ये प्रकाशित झाला.

कारणमीमांसा
सायमन्स यांनी मांडलेल्या गृहीतकानुसार, चेता आणि स्नायू यांच्या संधिस्थानी ॲसिटिलकोलीन हे रसायन प्रमाणाबाहेर स्रवते. त्यामुळे स्नायुतंतूंचा काही भाग सतत आकुंचित राहतो. आकुंचित भागातील केशवाहिन्या दाबल्या जातात, प्राणवायूचा पुरवठा घटतो आणि ऊर्जेची टंचाई निर्माण होते. स्नायूला आखडण्यासाठी जशी ऊर्जा लागते, तशीच सैल होण्यासाठीही लागते. त्यामुळे टंचाईच्या स्थितीत आखडलेला भाग सुटत नाही, असे एक दुष्टचक्र तयार होते. अशा भागात वेदना उत्पन्न करणारी रसायने साचून चेतातंतू उत्तेजित होतात. हे स्पष्टीकरण व्यापक प्रमाणात सांगितले जात असले तरी ते पूर्णपणे सिद्ध झालेले नाही.

वेदनेचे मूळ व वेदनेची जागा
वेदना जाणवते तेथेच तिचे मूळ असते, असे नाही. दुखऱ्या भागावरच दाब देत राहिल्यास पुष्कळदा उपचार निष्फळ ठरतो. ट्रॅव्हेल व सायमन्स यांनी वर्णिलेली काही उदाहरणे पुढीलप्रमाणे :
• मान व खांदा यांमधील ट्रॅपिझियस स्नायूचा वरचा भाग : मानेची बाजू, कानामागील भाग व कानशील.
• खांद्याच्या फऱ्यावरील इन्फ्रास्पायनेटस : खांद्याची पुढची बाजू व दंड.
• नितंबातील खोल असलेला ग्लुटियस मिनिमस : मांडी व पोटरीची बाहेरची बाजू, ही वेदना सायटिकासारखी भासते.
• पोटरीतील सोलियस : टाच.
• छातीतील पेक्टोरॅलिस मेजर : छाती व हाताची आतील बाजू.

हे नकाशे शोधाला दिशा देतात. प्रत्येक व्यक्तीत वेदना त्याच मार्गाने जाईल असे नाही. दाबलेल्या जागेमुळे नेहमीची ओळखीची वेदना जागी होते का, ही सर्वांत उपयुक्त कसोटी मानली जाते.

उपचाराची पद्धत
प्रथम रुग्णाला आरामदायक स्थितीत बसवून किंवा झोपवून संबंधित स्नायू सैल केला जातो. गरम पाण्याच्या पिशवीने काही मिनिटे शेक दिल्यास ही क्रिया सुकर होते. त्यानंतर तंतूंच्या आडव्या दिशेने बोटे फिरवून ताठर पट्टा शोधतात. ट्रॅपिझियससारखा स्नायू चिमटीत धरून तपासता येतो, तर पाठीसारख्या सपाट भागात तो खालील हाडावर दाबून तपासावा लागतो.

जागा निश्चित झाल्यावर प्रतिकार जाणवेपर्यंत सावकाश दाब वाढवला जातो आणि तो साधारणतः ३० ते ९० सेकंद स्थिर ठेवला जातो. बोटाखालील ताठरपणा किंवा दुखरेपणा कमी झाल्यास दाब किंचित वाढवतात. पूर्वी रक्तप्रवाह थांबेल इतका जोरकस दाब देण्याचा प्रघात होता. ट्रॅव्हेल व सायमन्स यांच्या ग्रंथाच्या १९९९ मधील आवृत्तीत मात्र त्याऐवजी सौम्य दाबाची शिफारस करण्यात आली. दाब देताना रुग्णाचा श्वास रोखला जात असेल किंवा अंग आक्रसत असेल, तर दाब अधिक झाला असे समजावे. आक्रसलेला स्नायू उपचाराला प्रतिसाद देत नाही.

दाब काढल्यावर तो स्नायू हळुवार ताणून सांध्याची संपूर्ण हालचाल काही वेळा केली जाते. हा टप्पा अनेकदा वगळला जातो; परंतु स्नायूला त्याची मूळ लांबी पुन्हा वापरण्याची सवय याच टप्प्यात लागते.

अधिक लाभासाठी घ्यावयाची काळजी
• एकाच बैठकीत अनेक जागांवर दीर्घकाळ दाब देण्यापेक्षा थोड्या जागांवर, अल्पकाळ व नियमित उपचार करणे हितकारक असते.
• उपचारानंतर एक-दोन दिवस किंचित ठणका राहू शकतो. तो पूर्ण शमण्यापूर्वी त्याच जागेवर पुन्हा दाब देणे टाळावे.
• उपचारापूर्वी व नंतर एखादी ठरावीक हालचाल, उदाहरणार्थ मान वळवणे, करून पाहिल्यास झालेला फरक कळतो.
• एकाच स्थितीत तासन्‌तास बसणे, मोबाइलवर मान वाकवून पाहणे, एकाच खांद्यावर जड पिशवी वागवणे, अपुरी झोप व मानसिक ताण यांमुळे वेदना परत येते. ही कारणे कायम राहिल्यास मसाजाचा परिणाम अल्पकाळच टिकतो.
• वेदना उतरल्यावर स्नायूंना बळकटी देणारे व्यायाम क्रमाक्रमाने सुरू करावेत.

घरच्या घरी पाठीवरील जागांसाठी टेनिसचा चेंडू पाठ व भिंत यांच्यामध्ये धरून वापरता येतो. शरीराचा भार भिंतीकडे कमीअधिक करून दाब नियंत्रित करता येतो. चेंडू मणक्याच्या हाडांवर न ठेवता बाजूच्या स्नायूंवर ठेवावा. मसाजानंतर शरीरातील ‘विषारी द्रव्ये’ बाहेर पडतात, या प्रचलित समजुतीला शास्त्रीय आधार नाही.

मर्यादा व मतभेद
ट्रिगर पॉइंट दाखवणारी सर्वमान्य रक्तचाचणी किंवा प्रतिमाचाचणी उपलब्ध नाही. निदान तपासणाऱ्याच्या बोटांवर अवलंबून असते आणि एकाच रुग्णाला तपासणाऱ्या दोन तज्ज्ञांचे एकमत होतेच असे नाही. जॉन क्विंटनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या समीक्षेत ट्रिगर पॉइंटच्या मूळ सिद्धांतावरच आक्षेप घेतले आणि वेदनेचे स्पष्टीकरण चेतासंस्थेत शोधावे असे सुचवले. स्नायूंवर दाब दिल्याने अल्पकालीन आराम मिळतो असे काही अभ्यासांत आढळले आहे. दीर्घकालीन लाभाचा पुरावा मात्र क्षीण आहे. त्यामुळे काही आठवड्यांत सुधारणा न दिसल्यास त्याच उपचाराच्या बैठका वाढवत न नेता पुनर्तपासणी करणे आवश्यक ठरते.

धोके व निषिद्ध परिस्थिती
छातीतील स्नायूंची वेदना हृदयविकाराच्या वेदनेसारखी भासू शकते. याच कारणाने हृदयविकाराची वेदना स्नायूंची समजली जाण्याचा धोकाही असतो. छातीत दाटून येणे, वेदना हात किंवा जबड्याकडे जाणे, घाम सुटणे, धाप लागणे यांपैकी काहीही आढळल्यास मसाज न करता तातडीने रुग्णालय गाठावे. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक उपलब्ध आहे.

एकाच पोटरीला सूज, उष्णता व लालसरपणा असल्यास नीलेत रक्ताची गुठळी असण्याची शक्यता असते. अशा वेळी पोटरी चोळणे किंवा दाबणे जिवावर बेतू शकते. अस्थिभंग, उघडी जखम, त्वचेचा संसर्ग व ताप असताना हा उपचार करू नये. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या, हाडे ठिसूळ झालेल्या, गरोदर तसेच कर्करोगग्रस्त व्यक्तींनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मानेच्या पुढील व बाजूच्या भागात मोठ्या रक्तवाहिन्या असल्याने तेथे अप्रशिक्षित व्यक्तीने दाब देऊ नये. हातापायांत वाढत जाणारा अशक्तपणा वा बधिरता, लघवी-शौचावरील नियंत्रण सुटणे, कारणाविना वजन घटणे ही गंभीर आजाराची चिन्हे असू शकतात.

अन्य पद्धतींशी तुलना
आयुर्वेदातील मर्मे आणि ट्रिगर पॉइंट या एकच गोष्टी नव्हेत. सुश्रुतसंहितेत १०७ मर्मांचे वर्णन असून ती शरीरातील नाजूक, आघात झाल्यास घातक ठरू शकणारी स्थाने मानली आहेत. मर्मांची स्थाने सर्व माणसांत निश्चित असतात. ट्रिगर पॉइंट मात्र व्यक्तिपरत्वे निर्माण होतो व नाहीसाही होतो. ॲक्युपंक्चर ही चिनी परंपरेतील पद्धत आहे. ट्रिगर पॉइंटमध्ये औषधाविना बारीक सुई टोचण्याच्या ‘ड्राय नीडलिंग’ या आधुनिक पद्धतीत तशाच सुया वापरल्या जात असल्या, तरी तिचा आधार स्नायूंची शरीररचना हा आहे.