रेहानाला कळेल अशी भूमिती

सन १०२९. गझनीची थंडी हाडात शिरलीय. दौत शेगडीजवळ सरकवल्याशिवाय बोरूला शाई लागत नाही. तुम्ही दाराशी घुटमळताय. आत गालिच्यावर बसलेला छपन्न वर्षांचा गृहस्थ मान वर न करता हातानेच ‘बसा’ अशी खूण करतो. त्याच्या एका गुडघ्याशी अरबी पानांची चळत आहे, दुसऱ्याशी फारसी पानांची. पुस्तक एकच, भाषा दोन. नाव ‘अत्-तफ्हीम’, म्हणजे समजावून सांगणं. लिहिणारा अल्बेरुनी. बारा वर्षांपूर्वी सुलतान महमूदाने ख्वारिझम जिंकलं आणि तिथल्या विद्वानांबरोबर यालाही इथे आणलं.

पुस्तक ज्योतिषाचं, पण ज्योतिषाला हात घालण्याआधी भूमिती, मग अंकगणित, मग खगोल आणि कालगणना. ख्वारिझमच्या हसनची मुलगी रेहाना हिने विचारलं म्हणून हा सगळा खटाटोप. त्यामुळे मांडणीही प्रश्नोत्तरांची. प्रश्न पाचशेहून अधिक.

तुम्ही फारसी चळतीतलं वरचं पान उचलता. प्रश्न असा, की ‘हंदसा’ म्हणजे काय? अरबीत भूमितीला हंदसा म्हणतात, एवढं तुम्हाला ठाऊक आहे. उत्तर वाचताना मात्र एका शब्दावर नजर अडखळते: ‘अंदाझा’. हंदसा म्हणजे अंदाझे जाणणं, मापं जाणणं. पंगतीला किती पानं मांडायची याचा तुम्ही काढता तोच अंदाज, सरकार दरसाल मांडतं त्या अंदाजपत्रकातलाही तोच. गंमत अशी, की ‘हंदसा’ हा अरबी शब्दही ‘अंदाझा’च्याच जुन्या फारसी रूपावरून आलेला. रेहानाला अवघड शास्त्रशब्द समजावताना अल्बेरुनी तिच्यापुढे त्या शब्दाचा मूळपुरुषच आणून उभा करतोय.

पुढच्या पानांवर लांबी ही ‘दराझा’, रुंदी ही ‘पहना’. आकाशगंगा म्हणजे ‘काहकशान’. काह म्हणजे पेंढा, आणि कशान म्हणजे ओढत नेणारी. गंजीकडे पेंढा ओढत नेताना वाटेवर सांडलेल्या काड्यांसारखी. स्थिर ताऱ्यांना फारसीत ‘बियाबानी’ म्हणजे वाळवंटातले तारे म्हणतात, कारण वाळवंटात वाट तेच दाखवतात. शब्द वाचताच वस्तू डोळ्यांपुढे उभी राहते.

मग ‘जैब’ येतो आणि इथे फारसीचं काही चालत नाही. संस्कृतात धनुष्याच्या दोरीला ज्या किंवा जीवा म्हणतात, आणि वर्तुळाच्या कंसाखालच्या सरळ रेषेलाही तेच नाव. अरबांनी ‘जीवा’ जशीच्या तशी उचलली. अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, त्यामुळे वाचणाऱ्यांनी ती अक्षरं ‘जैब’ अशी लावली. जैब म्हणजे अंगरख्याचा गळा, उराजवळची खोळ. बाराव्या शतकात लॅटिनमध्ये भाषांतर करणाऱ्यांनी इमानेइतबारे त्याचा अर्थ दिला, ‘सायनस’. तेहरानचा विद्यार्थी आज ‘सीनूस’ म्हणतो आणि पुण्याचा ‘साइन’, तो या गैरसमजाचा वंशज.

एवढी रसाळ फारसी लिहिणाऱ्या माणसाला या भाषेचं प्रेम असणार, असं तुम्हाला वाटतं. तसं नाही. आयुष्याच्या शेवटी औषधींवरच्या ग्रंथात तो लिहिणार आहे की फारसीतल्या कौतुकापेक्षा अरबीतली निंदा त्याला परवडते. फारसी ठीक आहे, राजांच्या कथांना आणि रात्रीच्या गोष्टींना. शास्त्र अरबीतच शोभतं, हे त्याचं ठाम मत. आणि तरी समोर ही चळत आहे. मत एका बाजूला राहिलं, वाचणाऱ्याची गरज वरचढ ठरली.

आता दीड हजार किलोमीटर पश्चिमेला, इस्फहानला चला. काळ साधारण तोच. इथे इब्न सिना अमीर अलाउद्दौलाच्या पदरी आहे. दिवसा दरबार, रात्री लेखन. तरुणपणी याची आणि अल्बेरुनीची ॲरिस्टॉटलच्या आकाशविषयक मतांवरून पत्रांतून चांगलीच जुंपली होती, अर्थात अरबीत. आता अमिराला तत्त्वज्ञान हवंय आणि ते दरबारी फारसीत हवंय. म्हणून ‘दानिशनामा’ लिहिला जातोय.

त्याच्या खांद्यावरून डोकावून बघा. अरबी पंडित संख्यापरिमाणाला ‘कमियत’ म्हणतात. हा ‘चंद’ म्हणजे ‘किती’ हा रोजचा प्रश्न घेतो आणि त्याचं नाम करतो, ‘चंदी’. ‘कुजा’ म्हणजे कुठे, त्याचं ‘कुजाई’. ‘चिगूना’ म्हणजे कसं, त्याचं ‘चिगूनगी’. बाजारात भाव विचारताना तोंडात येणारे प्रश्न थेट ॲरिस्टॉटलच्या कोटींना जाऊन भिडतात. शास्त्रांची उतरंडही साध्या शब्दांत लावलेली: परमार्थाचं ते वरचं शास्त्र, निसर्गाचं ते खालचं, आणि गणित मधलं. या मधल्या शास्त्राचा भाग मात्र गहाळ होणार आहे. शिष्य जूझजानी गुरूच्या इतर ग्रंथांमधून वेचून तो पुन्हा फारसीत बसवील, म्हणून वाचेल. ‘चिगूनगी’ आज इराणमध्ये कोणीही सहज बोलून जातं. तिच्यामागे इब्न सिना उभा आहे हे कोणाच्या ध्यानीमनीही नसतं.

नऊ शतकं ओलांडा. तेहरान, १९३० च्या दशकाचा उत्तरार्ध. १९३५ साली शहाच्या हुकमाने ‘फर्हंगिस्तान’ ही भाषेची अकादमी उभी राहिलीय. पहिले अध्यक्ष मोहम्मद अली फरूगी. तुम्ही मागच्या खुर्चीवर बसता. समोरच्या यादीत डावीकडे अरबी शब्द, उजवीकडे नवे फारसी. मंजूर झालेला शब्द शहाच्या संमतीनंतर कचेऱ्यांत आणि पाठ्यपुस्तकांत जाणार.

तापमापकाला आतापर्यंत ‘मीझानुल्-हरारा’ म्हणत, आता ‘दमासंज’. भूगर्भशास्त्र ‘मारिफतुल्-अर्झ’ होतं, ते ‘झमीनशिनासी’, म्हणजे जमिनीची ओळख. घनतेला ‘चगाली’, त्वरणाला ‘शिताब’. मग अंकगणिताची पाळी येते. गुणाकाराला ‘झर्ब’ म्हणतात, त्याऐवजी ‘बसशुमारी’. अपूर्णांकाला ‘कस्र’, त्याऐवजी ‘बरखा’. अर्थाच्या दृष्टीने बसशुमारीत खोट काढण्यासारखं काही नाही. पण जमलेल्यांपैकी प्रत्येक जण लहानपणी ‘झर्ब’ म्हणतच पाढे शिकलाय. शब्द अरबी असला तरी घोकून घोकून घरचा झालेला.

बाहेर खुद्द फरूगीही सबुरीचा सल्ला देतात: अरबी शब्द सरसकट हाकलून भाषा समृद्ध होत नाही. आणि याच सुमारास, १९३७ ते १९३९ दरम्यान, जलालुद्दीन हुमाई ‘तफ्हीम’ची फारसी प्रत संपादून छापून काढतात. नवे शब्द घडवणाऱ्यांच्या हाती नऊशे वर्षांपूर्वीचे आयते शब्द पडतात.

तिथून कोल्हापूर काळाने लांब नाही. राजाराम कॉलेजात फारशी शिकवणारे माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, याच वर्षांत मराठीतले फारसी-अरबी शब्द निवडून बाजूला काढताहेत. १९२५ साली फारशी-मराठी कोश त्यांनीच केला, रुबाया आणि गझल मराठीत त्यांनीच रुजवली, आणि १९३८ साली ‘भाषाशुद्धिविवेक’ही त्यांचाच. तिकडे तेहरान फारसीतून अरबी वेचतंय, इकडे फारसीचा प्राध्यापक मराठीतून फारसी. सावरकरांची भाषाशुद्धीही चालू आहे. अडीचशे वर्षांपूर्वी शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्याचा दाखला या मंडळींच्या हाताशी असतोच. पुढे काय झालं ते तुम्ही रोज अनुभवता: अर्जावर ‘दिनांक’ लिहिता आणि लग्नाची ‘तारीख’ काढता.

शेवटचा थांबा आजच्या तेहरानमधली एक शाळा. फळ्यावर पदार्थविज्ञानाचं गणित आहे आणि बाई समजावून सांगताहेत. ‘शिताब’ ही ‘बुर्दार’ राशी आहे, म्हणजे सदिश. दोन्ही शब्द फारसी, पहिला त्या अकादमीच्या काळचा. मग त्या म्हणतात, ‘झर्ब’ करा, अरबी. वरच्या वर्गात ‘इंतेग्राल’ येईल; तो फ्रेंच. बसशुमारी कोणाला माहीत नाही, बरखाही नाही. दमासंज मात्र प्रयोगशाळेत टांगलेला आहे आणि झमीनशिनासीचं पुस्तक दप्तरात आहे. शहाचा हुकूम चौघांनाही सारखाच होता. मीझानुल्-हरारा मुलांच्या जिभेवर कधी बसलाच नव्हता, त्याची जागा मोकळी होती. झर्ब तिथे केव्हाच ठाण मांडून बसला होता.

मधल्या सुट्टीत बाई तुम्हाला विचारतात, तुमच्याकडे हिशेबाला काय शब्द आहेत? तुम्ही सांगता: गुणाकार, भागाकार, वजाबाकी. शेवटच्या शब्दाला त्यांचे डोळे मोठे होतात. ‘बाकी? आमच्याकडेही भागाकारात उरतं ते बाकीमांदा!’ अरबीतून फारसीत, फारसीतून मराठीत आलेले ‘वजा’ आणि ‘बाकी’ मराठीच्या दोन्ही शुद्धीकरणांतून सहीसलामत सुटले. महाराष्ट्रातल्या पोरांनी हातचा घेत, चुकत, खोडत ते इतके वापरले होते की कुठल्याही समितीला ते परके वाटले असते तरी उपयोग नव्हता.